म्हसोबाच्या बनातली अक्षरं

माणसानं छप्पर नावाची वस्तू का शोधून काढली, हे आमच्या हिच्या आत्याला आयुष्यभर कळलं नाही. ऊन, पाऊस, वारा, चोर आणि शेजारी यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून लोक घर बांधतात. आत्यांचं म्हणणं असं, की यांतल्या एकालाही छपरानं अडवल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही. त्यांना घर नव्हतं असं नाही. चांगलं धाब्याचं, दोन खणांचं होतं. पण त्यात गोवऱ्या, शेंगांची पोती आणि एक पितळी घंगाळ एवढीच मंडळी राहायची. आत्या अंगणात राहायच्या. अंगणातल्या शेवग्याखाली चूल, शेवग्याखाली बाज, शेवग्याच्या बुंध्याला खिळा ठोकून लावलेला आरसा. पाऊस आलाच तर डोक्यावर घोंगडं ओढून घ्यायच्या आणि रेंगाळलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं म्हणायच्या, "जाईल की आता, कुठं मुक्कामाला आलाय?"

या बाईंची आणि माझी पहिली गाठ लग्नानंतर महिन्याभरात पडली. मी तेव्हा नगरला एका बँकेत कारकून होतो आणि सावेडीला भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्या काळी सावेडीत राहणं म्हणजे गाव सोडून गेल्यासारखंच होतं. आत्यांचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर, श्रीगोंदे तालुक्यात. एसटीनं काष्टीपर्यंत आणि तिथून पायी, खांद्यावर हिची ट्रंक, अशा थाटात नवा जावई सासुरवाडीच्या आत्याकडे पोचला. पाय धुवायला गरम पाणी, बसायला पाट, निदान एक टोपी, अशी माझी माफक अपेक्षा होती. आत्यांनी माझ्या हातात एक पान दिलं.

"ओळखा बघू, जावईबापू."

भोवती शेंबड्या पोरांचं कोंडाळं उभं होतं. मी पान उलटंपालटं केलं आणि घसा साफ करून म्हणालो, "आंब्याचं असावं."

कुणी वारल्याची बातमी आल्यावर माणसं गप्प होतात तशी ती पोरं गप्प झाली. शेवटी एका ठेंगण्या पोरीनं, माझ्या जिवाला फार लागू नये अशा बेतानं, हळूच सांगितलं, "करंज हाय." आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे गं. पगार तर हाय ना?"

लग्न, वैधव्य आणि सातवीची फायनल परीक्षा या तिन्ही गोष्टी आत्यांनी विशीच्या आत उरकल्या होत्या. त्यामुळे पुढचं सगळं आयुष्य त्यांना मोकळं मिळालं. ते त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांवर उधळलं. गावात त्यांनी आपली आपणच बालवाडी सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. सकाळी बैलाच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन त्या गावातून वाजवत जायच्या आणि घराघरातून पोरं निघून मागं लागायची. अडचण एवढीच, की घंटा गुरांच्याही ओळखीची होती. एक तांबडी कालवड रोज न चुकता पोरांच्या रांगेत येऊन उभी राहायची. मालकानं तिला दोनदा ओढून नेलं, तिसऱ्यांदा नाद सोडला. "येऊ दे," आत्या त्याला म्हणाल्या, "हिची हजेरी सगळ्यांत चांगली हाय, आन् मधी बोलत न्हाई."

ही वरात जायची ती गावाबाहेर ओढ्याकाठच्या म्हसोबाच्या बनात. बाभळी, लिंब, करंज, दोन थोरल्या चिंचा, एक वाकडा उंबर आणि मधोमध शेंदूर फासलेला दगड. या बनातली वाळकी काटकीसुद्धा गावात कुणी नेत नसे. म्हसोबा कोपला तर गुरं आटतात, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून तर तालुक्यात सगळीकडं बोडकं माळरान असताना हे बन तेवढं शिल्लक होतं. आत्यांनी पोरं तिथं नेली तेव्हा गावातले एक म्हातारबाबा काठी टेकत आडवे आले.

"आत्याबाई, द्येवाची जागा हाय ती. पोरं तिथं हागत्याल, मुतत्याल. द्येव खपवून घ्यायचा न्हाई."

"बाबा, तुमच्या घरात नातवंडं हायती म्हनून तुमी हसता तरी," आत्या म्हणाल्या. "त्यो बिचारा एकटाच बसलाय शेंदूर लावून. मानूस चिडचिडा व्हनार न्हाई तर काय?"

म्हातारबाबा काठी टेकत माघारी गेले, आणि म्हसोबालाही ते पटलं असावं, कारण गुरं काही आटली नाहीत.

बनात दिवसभर काय चालायचं, हे मी एका रविवारी चिंचेला टेकून पाहिलं. पोरं झाडांवर चढत होती. ओढ्याच्या ओल्या मातीच्या भाकरी थापत होती. बाभळीच्या शेंगांचे पैंजण करून नाचत होती. एका पोराच्या पायात काटा मोडला तर बाकीची पोरं वैद्यमंडळ जमावं तशी गोळा झाली आणि दुसऱ्या काट्यानं तो काढून मोकळी झाली. आत्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. एकदा एका पोराची आई कमरेवर हात ठेवून भांडायला आली होती म्हणे. "पोराला शिकाया धाडलंय का काटं टोचून घ्याया?" आत्यांनी तिला शांतपणे बसवून घेतलं आणि तिच्याच टाचेत चार दिवस सलणारा काटा तिच्याच पोराकडून काढवला. बाई कळवळत, शिव्या देत, पण न लंगडता घरी गेली.

आणि अक्षरं. अक्षरांच्या बाबतीत आत्यांनी सगळी अंकलिपी मोडीत काढली होती. "अ अननसाचा," त्या मला म्हणाल्या. "तुमी खाल्लाय अननस? मी न्हाई. या गावात कुनी डोळ्यानं बघितला न्हाई. जे बघितलंच न्हाई त्याच्या नावानं पोराला अक्षर दाखवायचं, म्हंजे भुताची ओळख करून द्यायची." म्हणून त्यांच्याकडे ब बाभळीचा होता, ल लिंबाचा, च चिंचेचा, क करंजाचा, उ उंबराचा, आणि श गावात, त्यांच्या अंगणातल्या शेवग्याचा. प्रत्येक बुंध्यावर चुन्यानं एक ठळक अक्षर काढलेलं. पोरानं आधी झाडाला हात लावायचा, मग चुन्यावरून बोट फिरवायचं, मग झाडाखालच्या धुळीत काटकीनं तेच गिरवायचं. पाटी नाही, पेन्सिल नाही. चुना प्रथम लागला तेव्हा गावात एकच गोंधळ झाला होता. झाडावर पांढरी खूण म्हणजे झाड लिलावात गेलं, ही सगळ्यांची समजूत. "बन कुनी इकलं?" करत अर्धं गाव ओढ्यावर धावलं. तिथं पाहतात तर त्यांचीच पोरं लिंबाला मिठ्या मारून ल म्हणत होती.

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्या साली पाऊस आला नाही, आणि त्याच्या आधीच्या सालीही धड आलेला नव्हता. गावातल्या आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. पोरं सकाळी बनात यायची ती रिकाम्या पोटी. दुपारपर्यंत झाडावर चढणारी पोरं सकाळीच झाडाखाली बसून राहू लागली. आत्यांच्या घरातली शेंगांची पोती एकेक करून बनात गेली आणि संपली. तेव्हा सरपंच म्हणाले की सरकारमान्य बालवाडीला सुकडी मिळते. गूळ, पीठ, तेल घातलेली, पोरामागं रोजची मूठभर. फक्त मान्यता मिळाली पाहिजे आणि त्यासाठी साहेब पाहणीला येतील.

"पन साहेब झाडाखाली मान्यता द्यायचे न्हाईत, आत्या," सरपंच म्हणाले. "चावडीत बसवा पोरं. फळा मी आनतो."

छपराखाली जायचं, या बोलीला आत्या एका शब्दानं हो म्हणाल्या. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की पाणी गळ्याशी आलंय.

पाहणीच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. मी शिकलेला जावई, साहेबाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलावीत, अशी हिची योजना. मी एसटीत दोन्ही वाक्यं पाठ केली होती. चावडी शेणानं सारवली होती, पोरांच्या डोक्यांना तेल थापलं होतं, आणि आत्यांनी चक्क चपला घातल्या होत्या. त्या चालताना दुसऱ्या कुणाच्या तरी पायांवर चालल्यासारख्या दिसत होत्या. कालवडीला बांधून ठेवलं होतं. तिचं हंबरणं तेवढं ऐकू येत होतं.

साहेब जीपमधून उतरले. बारीक चणीचे, घामेजलेले, त्या दिवसातलं हे त्यांचं तिसरं की चौथं गाव. पोरांकडे बघून कसंबसं हसले आणि फळ्यावर ब काढला.

"हे काय आहे, बाळांनो?"

पोरांनी ब कडे बघितलं. एकमेकांकडे बघितलं. आणि मग सगळीच्या सगळी उठली आणि दारातून बाहेर पळाली.

चावडीत आम्ही मोठी माणसं तेवढी राहिलो. सरपंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. माझी दोन्ही इंग्रजी वाक्यं या प्रसंगाला लागू नव्हती. साहेबांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "घाबरली का पोरं?"

"न्हाई जी," आत्या म्हणाल्या. "बाभळीकडं गेली."

थोड्या वेळानं पोरं धापा टाकत परत आली. प्रत्येकाच्या मुठीत बाभळीची शेंग. त्यांनी त्या शेंगा साहेबांच्या बुटांपुढं ओतल्या आणि जागेवर जाऊन बसली. साहेबांनी शेंगांकडे बघितलं, मग च काढला. पुन्हा सगळी बाहेर. पुन्हा मुठी भरून चिंचेचा पाला. त्यांनी ल काढला, क काढला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा शीण हळूहळू उतरत गेला. नंतर नंतर तर ते अक्षर काढून आधी स्वतःच दाराशी जाऊन उभे राहू लागले, कोण पहिलं येतंय ते बघायला. शेवटी त्यांनी श काढला आणि पोरं बनाकडे न जाता उलट्या दिशेला, गावात पळाली.

"आता कुठे?"

"माझ्या अंगनात," आत्या म्हणाल्या.

शेवग्याच्या शेंगा येईपर्यंत चहा आला. चहा पिता पिता साहेबांनी कप खाली ठेवून विचारलं, अगदी सौम्यपणे, "बाई, अक्षरं पोरांना येतात यात शंका नाही. पण जूनमध्ये ही पहिलीत गेली, की गुरुजी फळ्यावर ब काढणार. तेव्हा ही पळणार, आणि गुरुजी छडी काढणार. त्याचं काय?"

म्हसोबाला, म्हातारबाबांना आणि भांडायला आलेल्या आईला उत्तरं देणाऱ्या आत्या यावर पायांतल्या चपलांकडे बघू लागल्या. अक्षर झाडापाशीच राहतं आणि पोरगं मात्र पुढं जातं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात मी परत येतो," साहेब म्हणाले. "पोरं बसल्या जागी अक्षर सांगू शकली, तर मान्यता तिथल्या तिथं देईन. आज दिली तर वरून विचारतील, आणि मला सांगता येणार नाही."

तो महिना आत्यांनी कसा काढला ते मला समजलं, कारण ही तेव्हा तिथंच राहिली होती. त्यांनी पोरांना फळ्यापुढं दामटून बसवलं नाही. आधी बाभळीला हात लावून ब गिरवायचा, तो दोन पावलं मागं सरून गिरवायला लावला. मग बनाच्या कडेला बसून. मग ओढ्याच्या अलीकडून, झाड नुसतं दिसतंय एवढ्यावर. मग झाडाकडे पाठ करून. वासराचं दूध तोडतात तसं त्या रोज थोडं थोडं पोरांना झाडापासून तोडत होत्या. एक पोर रडायचं, म्हणायचं, "हितनं न्हाई येत." आत्या म्हणायच्या, "डोळं मीट. दिसतीय का बाभळ? मंग काढ." शेवटच्या आठवड्यात सगळे सरपंचांनी आणलेल्या पाट्या मांडीवर घेऊन चावडीच्या पायरीवर बसू लागले, आणि मग आत.

साहेब आले तेव्हा मीही होतो. या वेळी मी इंग्रजी वाक्यं आणली नव्हती. साहेबांनी आत येताच फळ्यावर ब काढला आणि पोरांकडे वळले. पोरांनी एका सुरात 'ब' म्हटलं, माना खाली घातल्या आणि पाट्यांवर ब काढला. एकही उठलं नाही. च काढला, ल काढला. अक्षराचं नाव घेऊन झालं की पेन्सिलींची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सरपंच मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून मान डोलावत होते. साहेबांनी श काढला आणि बोलल्याशिवाय राहवेना म्हणून की काय, दाराकडे नजर टाकून विचारलं, "कुणी आणायला नाही जाणार?"

पोरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी आत्यांकडे बघितलं.

"आता येतं त्यांना, साहेब," आत्या म्हणाल्या.

साहेबांनी तिथंच मान्यतेच्या कागदावर सही केली. चार दिवसांत सुकडीचा पहिला डबा आला. चावडीत पोरं ओळीनं मांडी घालून बसली, हात पुढं करून, आणि आत्या प्रत्येकाच्या तळहातावर मूठ मूठ ठेवत गेल्या. गालांना गूळ लागला, बोटं चाटून झाली. मग करंज ओळखणारी ती ठेंगणी पोर उठली, आणि मला वाटलं आता ही बाहेर पळणार. पण ती फळ्यापाशी गेली, खाली पडलेला खडू उचलून जागेवर ठेवला आणि परत येऊन बसली.

"शाणी झाली पोरं," मी आत्यांना म्हणालो.

"झाली," त्या म्हणाल्या. रिकामा डबा काखेत धरून त्यांनी दारातून, पोरं पळायची त्या बनाच्या वाटेकडे बघितलं, आणि मग त्या डबा वाळूनं घासायला कोरड्या ओढ्याकडे निघून गेल्या.