इंजिनवर मारलेलं पाणी

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिते गावात एका लग्नात होतो. भरलं ताट ठेवून तसाच पेणला निघालो. आमची घरं एकाच आळीत, भिंतीला भिंत लागून; शाळेपासूनची मैत्री. खांदा देताना मला रडू आवरेना. सख्खा भाऊ गेल्यासारखा रडतोय, असं कुणीतरी म्हणालं. माझा सख्खा भाऊ सुरेश रोह्याहून आला होता आणि सगळ्यांच्या मागे एकटाच चालत होता...

आळीत कुणी गाडीचं बॉनेट उघडून पाइप हातात घेतला की विलास धावत यायचा. आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधायचं, ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि ओल्या फडक्याने पुसून काढायचं. सगळं उन्हात कोरडं झाल्याशिवाय तो कुणाला चावी फिरवू देत नसे. नाहीतर त्या सुरेशसारखं होईल, असं म्हणायचा. आम्ही माना डोलवायचो.

सुरेशचं झालं ते असं. बाबांची गाडी भाड्याने फिरायची, त्यावरच आमचं घर चालायचं. विलास ती चालवायचा. एका दुपारी तो रोह्याला भाडं सोडून आला आणि थोड्या वेळाने गाडी सुरूच होईना. तापलेल्या इंजिनवर कुणीतरी पाइपने पाणी मारलं होतं, फिल्टर काढलेला होता, पाणी आत गेलं होतं. बाबांनी विचारलं, तेव्हा विलासने मान खाली घालून सुरेशचं नाव घेतलं. सुरेश नाही नाही म्हणत राहिला. पण तो पहिल्यापासून धांदरट, बाबांना पटलं नाही. त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. तो रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमीला मामाकडे गेला, कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. बाबा शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या आजारपणात उशाशी बसून पेज भरवायचा तो विलास.

विलासचं दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या बायकोने, नंदावहिनीने, मला पडवीत बसवलं.

"भावजी, पाणी यांनीच मारलं व्हतं. सुरेशभावजींनी नाय. मरताना मला सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमच्याकडं बघायची हिंमत नाय झाली, म्हणाले."

माझ्याकडे बघत तर तो आयुष्यभर होता. रोज सकाळी, माझ्याच घरचा चहा पीत. माझ्या भावाचं नाव घेऊन गावाला शहाणपण शिकवत होता. आता मी त्याच्यासाठी रडलो त्याचीही चीड येते, आणि रडू येतं त्याचीही.

दुसऱ्या दिवशी अष्टमीला गेलो. सुरेशला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आपण पाणी मारलं नव्हतं हे त्याला ठाऊकच होतं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "पण आता बाबांना कोण सांगणार?"