संत्र्याची फोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. नागपुरात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लहान मुलांकडून छातीचे व्यायाम करून घेते. पाठीवर थोपटायचं, छातीशी उशी धरून खोकायला लावायचं, साचलेला कफ बाहेर काढायचा. टाके दुखतात. पोरं रडतात, मला पाहिलं की तोंड फिरवतात. नर्स सगळ्यांची लाडकी, आणि मी – 'खोकायला लावणारी मॅडम'. हसून घालवते मी. पण लागतं हो ते.

पिंकी पारशिवनीकडची, पाच वर्षांची. तिनं माझा हातच धरला. "ताई, आज राहू दे ना वं. लय दुखते." आणि मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशीही. पेनानं उशीला डोळे-नाक काढून आम्ही खेळत बसलो, आणि डॉक्टरांना मी सांगितलं – झाला व्यायाम. ही दया होती का? की एकदा तरी कुणाची लाडकी व्हायचं होतं मला? अजून कळत नाही.

मग पिंकीला ताप चढला. छातीत कफ भरला, पुन्हा ऑक्सिजन लावावा लागला. तिची आई रडत माझ्याकडेच आली. "मीच वो मॅडम… घरच्या झाडाचं संत्रं होतं. पोरगी मागून राहिली होती, एक फोड देल्ली मी. त्यानंच झाला ना कफ?"

संत्र्यानं असं होत नाही. मला पक्कं ठाऊक होतं. 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मग तिनं विचारलंच असतं – मग काहून झालं? मी म्हणाले, "आंबट द्यायचंच कशाला?" वर आवाजही चढवला. कुणावर चिडले होते मी?

पिंकी बरी झाली. नंतर तपासणीला आली तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं. "आता संत्र्याले हात नाही लावू देत मी तिले. पोरगी गेली असती माझ्या हातानं. मले माफ केलं ना, मॅडम?"

मी म्हणाले, "जाऊ द्या आता."

तिचा चेहरा केवढा हलका झाला. मलाही बरं वाटलं – खरंच वाटलं, काय सांगू. ती वाकून माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं.