गिरजाला न सोसलेली सुई

त्या सकाळी भाकरी मी थापली. माझी बायको गिरजा, तिचं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं. कापूस वेचताना वाळक्या बोंडाचं टोक नखात घुसलं होतं. ती चुलीपाशी बसून सांगत होती, हात ओला करा, हळू थापा. पहिली भाकर तव्यावरून उतरली तशी म्हणाली, "दखा, हाई भाकर शे का वहाणना तळ?"

"गुमान खाय," मी म्हणालो. तिनं सगळी खाल्ली. आम्ही दोघं मिळून केलेलं साधं काम तेवढं शेवटचं.

मग पाचोऱ्याहून गाडीनं जळगावच्या दवाखान्यात. लाली कोपरापर्यंत चढली होती. डॉक्टर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्यानं नीट विचारलं, "अक्का, पेनिसिलीन द्यावं लागेल. ही सुई पूर्वी घेतली होती का? तेव्हा काही त्रास झाला?"

"मागला वरीसले पाचोराले टोची व्हती. तरास काईच नई."

मीही मान हलवली. आम्ही खोटं बोललो नाही. ते कसं, ते सांगतो.

मागल्या वर्षी तिच्या पायाला विळा लागला, तेव्हा पाचोऱ्याला तीच सुई टोचली होती. सांजेला अंगभर लाल गांधी उठल्या, ओठ जाड झाले. शेजारची म्हातारी बघायला आली आणि हात जोडून म्हणाली, "माय उनी." म्हणजे देवी अंगावर आली. आम्ही दाराला निंबाचा पाला बांधला, नारळ ठेवला. दोन दिवसांत माय शांत झाली. आमच्यात देवीच्या येण्याला आजार म्हणत नाहीत. त्रास तर तोंडातून काढायचाच नाही, तिला राग येतो. मग डॉक्टरनं त्रास विचारल्यावर गिरजा ते कशी सांगेल?

जळगावच्या डॉक्टरनं सुई दिली. आम्ही बाकड्यावर बसलो. थोड्याच वेळात ती तळहात खाजवायला लागली. ओठ सुजले. आवाज घोगरा झाला. म्हणाली, "मना गळा आवळाई ऱ्हायना." मी ओरडलो. डॉक्टर धावत आला, तिला आडवं केलं, पाय उंच केले, दुसरी सुई दिली, नाकाला नळी लावली. तिनं माझं बोट धरलं होतं. मग तिची पकड सैल पडली.

डॉक्टरनं तिचं तोंड स्वतः पुसलं. मग माझ्याजवळ खाली जमिनीवर बसला. मागल्या वर्षीचं मी सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "आबा, ती माता नव्हती. ही अ‍ॅलर्जी. म्हणजे दुसऱ्याला सोसणारी वस्तू एखाद्याच्या अंगाला सोसत नाही. औषध असो, खाणं असो, गांधीलमाशीचा डंख असो. पहिल्यांदा नुसत्या गांधी उठतात, पुढच्या खेपेला जिवावर बेतू शकतं. मग ती वस्तू पुन्हा द्यायची नाही."

गाव म्हणालं, डॉक्टरनं मारलं. गावाला काय, तोंड आहे. त्यानं विचारलं होतं, आणि वाचवायला धडपडला होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. सुई किंवा गोळी घेतल्यावर अंगावर काही उठलं, तर हात जोडायचे असतील तर जोडा, पण डॉक्टरलाही दाखवा. औषधाचं नाव विचारून पाठ करा, घरच्यांनाही करायला लावा. पुढं कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर त्यानं विचारायची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा. सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, गाडी चुकली तर चुकू द्या. ओठ सुजले, दम लागला, गळा आवळला, तर लाजू नका. ओरडा.

त्याच सांजेला गिरजाला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचोऱ्याला गेलो, जिथं पहिली सुई टोचली होती त्या दवाखान्यात. सुतक होतं म्हणून पायरीखालीच थांबलो आणि डॉक्टरला हाक मारली. तो पुण्याकडचा, नवा माणूस. सगळं सांगून म्हणालो, "डॉक्टर, आमच्या माणसांना त्रास झाला का, असं विचारू नका. कोणी हो म्हणणार नाही. सुई घेतल्यावर माय आली होती का, असं विचारा."

तो पायऱ्या उतरून माझ्याजवळ आला. म्हणाला, "तुमच्या बोलीत कसं विचारायचं, आबा?"

"माय उनी व्हती का?"

त्यानं म्हणून पाहिलं. चुकला. मी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा म्हटलं. बरोबर येईपर्यंत मी तिथून हललो नाही.