पास्को भावांचं एक धुराडं

डेगरी पास्कोनं शिवलेल्या खोगिराचं सगळा गाव नाव काढायचा. पण माणसाच्या पोटात एकदा दुखायला लागलं की हातातली कला काय कामाची! त्याच्या पोटात दुखायचं ते धाकट्या भावामुळे, जोनासमुळे.

राजानं अकरा वर्षं पार्लमेंटला टाळं ठोकलं होतं. कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही. जहाजांच्या नावानं पट्टी उकळायची आणि वर म्हणायचं, मला देवानं नेमलंय! आता लढाईला पैसा कमी पडला, तेव्हा कुठे स्वारीनं निवडणूक लावली. या गावचा कायदा सोपा. ज्याचं अन्न स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर शिजतं त्याला मत. म्हणून मतदानाच्या दिवशी गडी दारात टेबल मांडून चारचौघांदेखत जेवायचे.

जोनासनं लग्न झाल्यावर आईच्या घरात मधोमध भिंत घातली; अलीकडे आई आणि डेगरी राहिले, पलीकडे त्यानं आपली चूल मांडली. आज डेगरीसारखा तोही आपल्या दारात बसून वाटाण्याची पेज ओरपत होता. राजाच्या पट्टीविरुद्ध निवडणुकीला उभे राहिलेले जमीनदार जाता जाता थांबले, त्याच्यापुढे टोपी काढून म्हणाले, "पास्को, तुमच्यावर भिस्त आहे हो."

तुमच्यावर! या शेंबड्यावर! डेगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला स्वतःलाही याच जमीनदारांना मत द्यायचं होतं, पण ते आता सुचतंय कुणाला!

"नगरप्रमुख, याचं मत खोटं!" तो ओरडला. "भिंत घातली म्हणून काय झालं? धुराडं एकच आहे. एक धुराडं म्हणजे एक घर!"

"दादा, गप्प बस ना," जोनास काकुळतीला आला.

दारोदार फिरून मतं नोंदवणारे नगरप्रमुख राजाच्या बाजूचे. त्यांनी मान वर करून धुराडं पाहिलं आणि गोड हसले. "अगदी खरं. मग हे एक घर कुणाचं म्हणायचं?"

"आईचं," डेगरी बोलून गेला.

"बाईला मत नाही. दोघंही व्हा बाजूला."

राजाचा माणूस एका मतानं निवडून आला.

"मीही तुझ्याच माणसाला मत देणार होतो रे दादा," जोनास म्हणाला. पट्टी आता दोघांच्याही उरावर बसणार, हे डेगरीला कळत होतं. तरी जोनासचं उतरलेलं तोंड बघून त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि मग त्याला स्वतःचीच भीती वाटली.