माझ्या टिपणातला चौथ्या मुक्कामाचा झरा

मंडळी, दुपारपासून वर्कशॉपचं शटर खाली ओढून बसलोय. काम सुचत नाही.

आज सकाळी गोकुळ रोडवर मला शोधत धारवाडची एक शिक्षिका आली. घाटातली सहा दिवसांची वाट ती गेल्या आठवड्यात एकटीच चालली, मी या ग्रुपवर टाकलेलं टिपण घेऊन. मला वाटलं, आभार मानायला आली.

"अण्णा, तुमचं अंतर शंभर पावलांनीही चुकलं नाही," ती म्हणाली. "तंबूची जागासुद्धा सांगितली तशी सपाट. फक्त चौथ्या मुक्कामाच्या झऱ्यात नीर इरलिल्ला. थेंबभर पाणी नव्हतं."

त्या झऱ्याच्या भरवशावर ती अर्धीच बाटली घेऊन पोचली होती. रात्र तंबूत तशीच काढली. सकाळी उतरताना चक्कर येऊन पडली. लाकडं गोळा करणाऱ्या एका अक्कानं स्वतःजवळचं पाणी पाजलं, म्हणून वाचली.

मी वही काढली. कुणाकडे न शिकता, एकट्यानं पावलं मोजत केलेली वही. झऱ्याची धार करंगळीएवढी, हेसुद्धा लिहिलंय. मी गेलो होतो नोव्हेंबरात, ती एप्रिलात. महिना मात्र मी कुठेच लिहिलेला नाही.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "पुढच्यासाठी तेवढं दुरुस्त करा."

टिपण आत्ताच काढून टाकलंय. पण तुमच्यापैकी कुणी ते उतरवून घेतलंय का? पुढे कुणाला पाठवलंय का? आणि त्यातलं कुणी आज त्या वाटेवर आहे का? लगेच कळवा.