खुर्शीदबीचा वाटा

शिरड शहापुरात कुणाच्या घरात काय शिजतं ते आधी चुलीला कळायचं, मग खुर्शीदबीला, आणि सगळ्यात शेवटी घरच्या माणसांना. मनियारणीचा धंदाच तसा. बाई एकदा बांगड्या भरायला हात पुढं करून बसली की अर्धा तास उठता येत नाही, आणि हात दुसरीच्या ताब्यात गेला की जीभ मोकळी सुटते. सासू काय बोलली, नवऱ्यानं दुसरं सिमकार्ड काहून घेतलं, जावेनं पाटल्या मोडून काय केलं, सगळं खुर्शीदबीच्या टोपलीत जमा. आणि ह्या बाईनं एका गल्लीतलं दुसऱ्या गल्लीत तीस वर्षांत कधी सांडलं नाही. गप्पांच्या शौकीन माणसांवर केवढा हा जुलूम!

म्हणून बायका तिच्यावर जीव टाकायच्या. पाटलाच्या घरची नवी सून असो की मजुराची, चुडा भरून झाला की वाकून नमस्कार करायची, आणि खुर्शीदबी डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "सुखी ऱ्हा बेटा, नवऱ्याला धाकात ठीव."

तर अशा शहाण्या बाईच्या हातात मोबाइल आला. पोरगा अय्याज पुण्यात एका गोदामात कामाला. त्यानं आपला जुना मोबाइल आईला दिला, सुट्ट्या पैशाची तकलीफ नको म्हणून बँकेचं खातं त्याला जोडून दिलं, आणि गेला. पण मोबाइल म्हणजे उंबरठा नसलेलं घर. तिसऱ्या दिवशी त्यात एक जाहिरात घुसली : घरबसल्या लुडो खेळा, खरे पैसे जिंका.

खुर्शीदबीला लुडो काही नवा नव्हता. लहानपणी फरशीवर खडूनं घरं आखून, चिंचोके फेकून तिनं तीन भावांना रडवलेलं. तिनं दहा रुपये लावले, अठरा आले. पंचवीस लावले, पंचेचाळीस आले. तिचा नवरा हैदर सायकली दुरुस्त करायचा; तो ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हणाला, "जुवा है ये. हराम है."

"जुवा पत्त्याचा ऱ्हाते. ह्याच्यात डोकं लागते."

"मग तुला कसे काय पैसे आले?" हैदर म्हणाला.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढं तिची गाठ पडली रीताशी. रीता म्हणजे पडद्यावरची समोरची खेळाडू. पिवळ्या साडीतला फोटो, गोड हसू. खुर्शीदबी मोबाइलशी बोलायची, "अगं रीता, एवढी एक गोटी जाऊ दे की माय." रीता जाऊ द्यायची नाही. तिला सहा पाहिजे असले की सहाच पडायचे, दोन पाहिजे असले की दोन. पंधरा दिवसांत चारशे रुपये गेले. मग एका सकाळी खुर्शीदबी हैदरला म्हणाली, "ही रीता कधी चुकत न्हाई, कधी जेवाय उठत न्हाई, लेकरू रडलं म्हणून डाव सोडत न्हाई. ही बाईच न्हाई. मशीन हाय." आणि तिनं खेळणं बंद केलं.

चांगले शिकलेसवरलेले बाप्ये जमीन विकून झाल्यावर ह्या मुक्कामाला पोचतात. खुर्शीदबी चारशे रुपयांत पोचली. तिथंच थांबली असती तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

पण त्या खेळाला आणखी एक दार होतं : मैत्रिणीला बोलवा. मैत्रिणीच्या मोबाइलात आपल्या नावानं खेळ टाकून दिला की पन्नास रुपये. वर ती खेळत राहिली की आपल्याला वाटा. कसला वाटा, किती, ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. ते वाचायला खुर्शीदबीचे डोळेही नव्हते आणि गरजही वाटली नाही. मैत्रीण जिंकत असंल, त्यातला चिमूटभर आपल्याला देत असतील, असं तिनं धरून टाकलं. फायद्याचं असलं की माणूस लवकर धरून टाकतो.

मग सुरू झालं. बांगड्या भरता भरता ती मोबाइल दाखवायची. "उन्हातान्हात गल्ल्या तुडवून दीड-दोनशे सुटतात. आन् हे बघा, बसल्या जागी साठ."

"खेळून का, खुर्शीदबी?" नानीबाईनं विचारलं.

"खेळूनच की."

कुणी खेळून, ते तिनं सांगितलं नाही. रीताचंही नाही सांगितलं. जिनं गावाची गुपितं पोटात ठेवली, तिला आपलं एक ठेवायला कितीसं जड!

नागपंचमीला नर्मदाबाईच्या ओट्यावर टोपली उतरली. नर्मदाबाई म्हणजे गल्लीची न्यायाधीश. दोन बायका भांडल्या की निकाल तिचा. तिची सून राजनंदिनी, बारावी शिकलेली, सेनगावकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या आईनं शिलाई मशीनसाठी नऊ हजार रुपये तिच्या खात्यात टाकले होते. नर्मदाबाईला मशीन नको होती. "घरात शिंप्याचं दुकान मांडायचंय का?" पण पोरगा हरीश बायकोच्या बाजूनं झाला, आणि दसऱ्याच्या आधी वसमतला जाऊन मशीन आणायचं ठरलं. राजनंदिनीचे डोळे त्या मशीनवर लागलेले. ब्लाउज शिवीन, स्वतःचे चार पैसे असतील, बांगड्या घ्यायलाही सासूचं तोंड बघायला नको.

त्या दिवशी तिनं हिरवा चुडा भरला आणि हळूच मोबाइल पुढं केला. "मावशी, माझ्या मोबाइलात बी टाका." नर्मदाबाई आत चहा ठेवायला गेलेली. चहा येईपर्यंत खेळ आत बसलेला होता.

महिना-सव्वा महिना गेला. एका दुपारी राजनंदिनी एकटीच खुर्शीदबीच्या घरी आली. नर्मदाबाईची सून एकटी कुणाच्या घरी जात नाही, म्हणून खुर्शीदबी उठूनच उभी राहिली.

"बांगड्या घट्ट व्हायल्यात, मावशी."

खुर्शीदबीनं हात हातात घेतला. बांगड्या बराबर होत्या. हात गार पडला होता.

"काय झालं पोरी?"

पोरीनं हात सोडवून घेतला. मग एकदम बोलली, "सात हजार गेले. सोमवारी हे मला वसमतला घेऊन चाललेत, मशीन आणाय."

"कुणासंगं खेळून राहिली व्हतीस?"

"येक बाई हाय. रीता नावाची. पिवळ्या साडीतली." राजनंदिनीनं नाक पुसलं. "पयले मीच जिंकले तिला. मंग न्हाई जमलं. मला वाटायचं, मावशी रोज जिंकतेत, मला काहून जमंना? माझंच डोकं कमी हाय."

खुर्शीदबी खाली बसली. मग आपला मोबाइल तिच्यापुढं धरून म्हणाली, "तू शिकलेली हायेस. हे बारीक लिवलंय ते वाच बरं मला."

पोरीनं वाचलं. मैत्रीण जेवढ्या रकमेचे डाव लावील, त्यावर शंभराला पाच रुपये तुमचे. मैत्रीण जिंको की हरो. खाली यादी होती, कुणामुळं किती आले त्याची. नानीबाई, सत्तर. जमनाबाई, एकशे दहा. सगळ्यात वर राजनंदिनी, सहाशे चाळीस. आपलं नाव तिनं दोनदा वाचलं.

"म्हणजे मावशी, मी हरून राहिले व्हते तवा…"

"व्हय," खुर्शीदबी म्हणाली.

मनियारणीच्या धंद्यात एक कायदा असतो, कुठं लिहिलेला नाही पण सगळ्या बाया जाणतात : भरता भरता बांगडी तडकली तर ती मनियारणीच्या अंगावर. गिऱ्हाइकाकडून तिचा पैसा घ्यायचा नाही. खुर्शीदबीनं आयुष्यभर हा कायदा पाळला होता, आणि आता तिला दुसरा कुठला ठाऊक नव्हता. दिवाळीचा माल भरायला तिच्या खात्यात आठ हजार होते. तिनं पोरीकडून तो खेळ आपल्यासमोर मोबाइलातून काढून टाकायला लावला, आणि सात हजार तिच्या खात्यावर पाठवले. "नऊ बराबर झाले. सोमवारी मशीन आण. आन् कोणाला बोलू नको."

राजनंदिनी तिच्या पाया पडली. रडत होती.

हैदरनं ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नगद देना था. मोबाइलमें डाले तो मोबाइलीच खायेगा."

"तुमाला सगळं उलटंच दिसते," खुर्शीदबी म्हणाली.

रविवारी सकाळी ती जमनाबाईच्या दारात बसली होती. एक हात भरून झाला, दुसऱ्यात तीन बांगड्या गेल्या, आणि टोपलीतला मोबाइल टिणटिणला. अभिनंदन! तुमची मैत्रीण पुन्हा खेळात आली. तिनं नाव बघितलं. वाटा वाढला, पंचवीस. ती बघत असतानाच पुन्हा वाढला, पन्नास. मग पंच्याहत्तर.

"अगं माझा हात!" जमनाबाई ओरडली. टोपली तिथंच, बांगड्या तिथंच, खुर्शीदबी उठून चालू लागली. गुडघे दुखणारी बाई, पण रस्त्यातल्या कोंबड्या बाजूला झाल्या.

नर्मदाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. "काय गं, टोपली कुठं इसरलीस?"

आता इथं ती गप्प बसली असती तर तिची तीस वर्षांची सवय शाबूत राहिली असती, आणि ही गल्लीही तिचीच राहिली असती. खुर्शीदबी म्हणाली, "नर्मदाबाई, आधी आत जाऊन सुनेच्या हातातला मोबाइल घ्या. मंग मला काय म्हणायचं ते म्हणा."

मोबाइल घेतला गेला. खात्यात चौदाशे रुपये उरले होते. हरीशनं शेजारच्या बाजेवर डोकं धरून बैठक मारली. खुर्शीदबीनं वाट्यासकट सगळं सांगून टाकलं, आणि मग नर्मदाबाईची न्यायबुद्धी जागी झाली. "माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, माझ्या सुनेला जुव्याला लावलंस? आन् वर दलाली खाल्लीस?"

"सात हजार मी माझे भरले, नर्मदाबाई."

"म्हणजे जुव्याला आणिक भांडवल दिलंस!"

 हे उत्तर आजवर कुणाला खोडता आलेलं नाही.

पण खुर्शीदबीला लागलं ते दुसरंच. राजनंदिनी दाराला टेकून उभी होती. रडत नव्हती. खुर्शीदबीकडं अशी बघत होती, जशी सून कधी सासूकडंही बघत नाही. "मी परत जिंकाय लागले व्हते," ती म्हणाली. "तुमी पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर सगळे निघाले असते."

त्यानंतर गावाला जो बोलायचा रोग झाला, तो काही विचारू नका. जिचे दोनशे गेले तिनं दोन हजार सांगितले. एकीच्या नवऱ्यानं नांदेडला पत्त्यात घालवलेले पैसेही खुर्शीदबीच्याच नावावर पडले. वाट्याचे पैसे काढून बायकांना परत द्यावेत म्हणून तिनं खटपट केली. खेळानं पॅन कार्ड मागितलं, मग फोटो, मग सांगितलं, तपासणी चालू आहे. ती चालूच राहिली. पुढल्या वर्षी सरकारनं पैशाचे खेळच बंद केले, आणि वाट्याचा तो आकडाही गेला. राजनंदिनीला लगेच आलेल्या दिवाळीच्या निमित्तानं सेनगावला माहेरी धाडलं ते संक्रांतीनंतर आणलं. मशीनचा विषय कुणी काढला नाही. गल्लीत कुणी हात पुढं करेना, म्हणून खुर्शीदबी औंढ्याला मंदिराच्या वाटेवर हातगाड्यांच्या रांगेत बसू लागली. तिथल्या गिऱ्हाइकाला तिचं नावही माहीत नसतं, आणि ते काही सांगतही नाही.

गेल्या महाशिवरात्रीच्या गर्दीत राजनंदिनी दिसली. हरीश पुढं प्रसादाच्या रांगेत होता. ती गाडीपाशी थांबली, बांगड्यांवरून बोटं फिरवल्यासारखं केलं, आणि मान वर न करता हळू आवाजात म्हणाली, "मावशी, येक नवीन आलाय म्हणे. बाहेरच्या देशातला, बंद न झालेला. त्याची लिंक हाय का तुमच्याकडं?"

खुर्शीदबीच्या मोबाइलात ती लिंक चार दिवसांपासून येऊन पडली होती. तिनं ती काढून टाकली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "हात दे, बांगड्या भरते."

राजनंदिनीनं हात मागं घेतला आणि ती रांगेकडं निघून गेली.