बर्फाखालची दलदल

हिल्का कैनुला बसथांब्यावर गाडीत बसून होती आणि मनाशी एकच गोष्ट घोकत होती: काही झालं तरी आवाज चढवायचा नाही. हेलसिंकीहून इल्मो रांताकोक्को येत होता. तीन आठवडे दोघांची पत्रापत्री चालली होती. पत्रागणिक त्याची भाषा अधिक सभ्य होत गेली होती, आणि अधिक थंडही.

हिल्का अठ्ठावन्न वर्षांची. आधी गावच्या टपाल कचेरीत होती, ती बंद झाल्यावर दलदलीच्या काठावरचा मनोरा तिच्याकडे आला, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मनोऱ्याच्या टोकाला एक नळी. ती वरची हवा ओढून खाली लाकडी खोलीतल्या यंत्रात आणते आणि यंत्र त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. नळ्या साफ ठेवणं, यंत्राचा काटा तपासणं, वादळानंतर मनोऱ्यावर चढणं, हे तिचं काम. इल्मोचं काम त्याच हवेचं, पण कागदावरचं. उत्तरेकडची जंगलं आणि दलदली किती वायू शोषतात, किती सोडतात, वारा तो कुठे नेतो, याचं गणित तो संगणकात मांडायचा. त्याच्या मॉडेलचा आणि तिच्या मनोऱ्याचा आकडा दरवर्षी थोड्याफार फरकाने जुळायचा.

यंदा जुळला नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून मनोऱ्याचा आकडा वर चढत गेला, आणि आता नोव्हेंबर संपत आला तरी तो मॉडेलपेक्षा नऊने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत नऊ भागांनी, जास्त होता. इल्मोचं म्हणणं, दोष मनोऱ्याचा. शुक्रवारी हेलसिंकीच्या संस्थेत बैठक होती. सगळ्या शरद ऋतूतले आकडे बाद करायचे की नाही, हे तिथे ठरणार होतं. संस्थेच्या चार मनोऱ्यांपैकी एक बंद करायचा विचार आहे, हेही हिल्काच्या कानावर आलं होतं. आज बुधवार.

इल्मो उतरला. पस्तिशीचा, उंच, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

"प्रवास बरा झाला?" तिने विचारलं.

"झाला. थेट मनोऱ्याकडेच जाऊ या का? उजेड फार वेळ राहणार नाही."

"आधी कॉफी. रिकाम्या पोटी दलदलीत मी कोणालाच नेत नाही."

घरी तिचा नवरा तैस्तो कॉफी ओतत होता. तीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवली होती.

"काय म्हणतोय तुमचा संगणक?" त्याने पाहुण्याला विचारलं. "आमच्या दलदलीत आज किती थंडी आहे?"

"वीस सेंटिमीटर गोठलीय, असं म्हणतोय."

"अरे वा. तिथे बसून कळतं? इथे आम्हाला बाहेर जावं लागतं."

"तैस्तो," हिल्का म्हणाली. त्याने पाहुण्याचा कप भरला, पण मिशीतलं हसू काही त्याने आवरलं नाही.

इल्मोने कप खाली ठेवला. "मी तुमच्यावर आरोप करायला आलो नाही, हिल्का. पण सहा आठवडे हवा उणे दहाच्या आसपास आहे. अशा थंडीत माती गोठते. माती गोठली की तिच्यातले जंतू थंडावतात, वायू सुटणं जवळजवळ थांबतं. मग हा जास्तीचा वायू येतोय कुठून?"

"दलदलीतून."

"गोठलेल्या?"

"ती गोठलेली नाही, हेच मी तीन पत्रांत लिहिलं. तू वाचलंस का?"

"वाचलं. लोखंडी सळईने मोजता म्हणालात. मी बैठकीत सळई कशी दाखवू?"

आवाज चढवायचा नाही. तिने उठून बूट घातले, भिंतीला टेकवलेली सळई घेतली आणि जुन्या वह्यांची पिशवी खांद्याला लावली.

बाहेर उणे चौदा होतं. दुपारचे बारा, आणि सूर्य पाइनच्या शेंड्यांवर जेमतेम टेकलेला. दलदलीवरून मनोऱ्याकडे फळ्यांची अरुंद वाट जाते. ती बर्फाखाली दडलेली होती, पण हिल्काच्या पायांना पाठ होती.

"माझ्या पावलांवर पाऊल ठेव," ती म्हणाली. "यंदा थंडीच्या आधी बर्फ पडला, गुडघाभर. गोधडी घातल्यासारखा. खाली पाणी तसंच आहे."

दर पन्नास पावलांवर ती सळई खुपसायची. सळई बर्फातून सरळ खाली जायची, कशालाही न अडखळता. गोठलेला थर किती, तो आकडा ती वहीत लिहायची: शून्य. पुढे पुन्हा शून्य. इल्मो मागून वाकून बघायचा. सातव्या ठिकाणी तो म्हणाला, "वाटेच्या कडेला बर्फ जास्त साचत असेल. आत उघड्यावर वेगळं असू शकतं." आणि सळई मागायच्या आतच त्याने फळीवरून बाजूला दोन पावलं टाकली.

तिसरं पाऊल पडलंच नाही. बर्फ आवाज न करता खचला आणि तो कमरेपर्यंत काळ्या पाण्यात गेला.

"हलू नकोस," हिल्का म्हणाली. "पाय झाडू नकोस. हात पसर."

तो छातीपर्यंत उतरला होता. धापा टाकत त्याने हात पसरले. हिल्का फळीवर पालथी पडली आणि सळई आडवी पुढे सरकवली. पहिल्यांदा त्याची बोटं निसटली. दुसऱ्यांदा त्याने दोन्ही मुठींनी धरली. ती बुटांची टोकं फळीत रुतवून मागे सरकू लागली. वीतभर. पुन्हा वीतभर. खांद्यात कळ आली, तिने दात दाबले. चिखल त्याला सोडत नव्हता, आणि मग एकदम तो सुटला.

मनोऱ्याची खोली तीनशे पावलांवर होती. तिने त्याला बसू दिलं नाही. ढकलत, ओढत, "चल, अजून दहा, अजून दहा" म्हणत नेलं. विजार पत्र्यासारखी कडक झाली होती. खोलीत शिरताच तिने शेगडी लावली, त्याला ओले कपडे काढायला लावले आणि फोनवर तैस्तोला बर्फावरून घसरत जाणारी हलकी बर्फगाडी घेऊन यायला सांगितलं. मग कोरडं घोंगडं काढायला तिने भिंतीजवळची जड पेटी ओढली.

पेटीमागे, मनोऱ्यावरून येऊन जमिनीच्या फळ्यांमधून यंत्राकडे वर येणाऱ्या नळीला फळ्यांच्या फटीतच भोक होतं. कडा कुरतडलेल्या. रानउंदराच्या दातांचे ठसे अगदी स्पष्ट.

ती तशीच वाकून राहिली. भोकातून नळी फळ्यांखालची हवा ओढत होती, म्हणजे जमिनीलगतची, वायूने जड झालेली. वरची नव्हे. पाठीमागे इल्मोचे दात वाजत होते. त्याने काही पाहिलं नव्हतं. पेटी परत सरकवली असती, दोन दिवसांनी नळी बदलली असती, तर कोणाला कळलं नसतं. दलदल गोठलेली नाही, हे तर त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. शुक्रवारी तो तिच्याच बाजूने बोलला असता.

तिने घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं, कॉफीचा थर्मास हातात दिला.

"इल्मो," ती म्हणाली, "इकडे बघ. नळीला भोक आहे."

त्याने बघितलं. कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"दर महिन्याच्या पंधरा तारखेला मी ही पेटी हलवून बघते," ती म्हणाली. "या महिन्यात गुडघा दुखत होता. राहू दिलं. चूक माझी आहे."

"कधीपासून असेल?"

"नळीतली हवेची ओढ यंत्र नोंदतं, पण ती नोंद कोणी उघडून बघत नाही. बघू."

दोघं पडद्यासमोर बसले, तो घोंगड्यात, ती ओल्या कोपरांनी. नऊ नोव्हेंबरला ओढ एकाएकी उतरली होती. त्याआधी सरळ रेघ. म्हणजे नऊ तारखेपर्यंतचे आकडे स्वच्छ होते, आणि तेव्हाही मनोरा मॉडेलपेक्षा सहाने वर होता.

"सहा तुमच्या दलदलीचे," इल्मो हळूच म्हणाला. "तीन उंदराचे."

"ते तीन माझे," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर तैस्तोच्या बर्फगाडीचा आवाज आला.

त्या संध्याकाळी वाफेने तापवलेल्या सौनामधून बाहेर आलेल्या इल्मोने जेवणाच्या टेबलावर हिल्काच्या वह्या उघडल्या. एकोणीस वर्षांचे सळईचे आकडे, दर आठवड्याचे, कोणी न सांगता घेतलेले. त्याने मॉडेलमध्ये हवेची थंडी तशीच ठेवली, पण जमिनीवर बर्फाची गोधडी घातली आणि माती कधी गोठते हे वह्यांशी ताडून पाहिलं. गुरुवारी दुपारपर्यंत फरक सहावरून एकाच्या आत आला. लवकर बर्फ पडलेली मागची दोन वर्षंही जुळली. त्या वर्षीही मॉडेल जरासं चुकलं होतं आणि कोणी लक्ष दिलं नव्हतं.

शुक्रवारच्या बैठकीत हिल्का फोनवर होती. नळीची गोष्ट इल्मोने सांगायच्या आधी तिने स्वतः सांगितली, गुडघ्यासकट. मग ठरलं: नऊ नोव्हेंबरनंतरचे आकडे बाद, आधीचे कायम. मनोरा दोन वर्षं चालू राहील, आणि पेटी हलवली की तारखेसह सही करून पाठवायची. ही अट तिला झोंबली, पण तिने ती वहीत लिहून घेतली.

पुढच्या शरदात बाकीच्या तीन मनोऱ्यांवरही सळई आली. कशी खुपसायची ते दाखवायला हिल्काच गेली, आठ दिवस गाडी चालवत, काळा पाव आणि सुकी मासळी बरोबर घेऊन. एका ठिकाणी तिथल्या माणसाने विचारलं, "हेलसिंकीला याचं खरंच काही पडलंय का?"

"पडलंय," ती म्हणाली. "आता फळीवरून खाली उतरू नकोस."